अहो-जाहो

"हा कान बघ," मी सुलभाला म्हणालो.

जेवणाच्या टेबलावर मी त्रेचाळीस फोटो मांडले होते आणि माझी बायको हातातला चहाचा कप ठेवायला जागा शोधत होती. माझं भिंग घेऊन तिनं वाकून पाहिलं.

"बाईचा कान आहे. पुढं?"

"डावी पाळी फाटून दोन झालीय. हा फोटो डिसेंबरचा, ऊसतोड कामगारांच्या तळावरचा, स्वेटरवाटपाचा. आता हा बघ. जानेवारी, डोळे तपासणी शिबिर. हा फेब्रुवारी, सरकारी दवाखान्यातलं फळवाटप. आणि हा मार्चचा, स्टँडसमोरच्या पाणपोईचं उद्घाटन. चारही ठिकाणी हाच कान."

"जड कुड्यांनी फाटतात पाळ्या. माझ्या आत्याची फाटली होती."

"चार वेगळ्या बायकांची एकाच कानाची, एकाच लांबीची फाटत नाही."

"तुम्ही ना," तिनं कप खिडकीत ठेवला, "देवळात गेलात तरी आधी मूर्ती तीच आहे का ते तपासाल."

हा स्वभाव माझा जन्मजात नाही, नोकरीनं लावला. बत्तीस वर्षं मी दस्तनोंदणीच्या कचेरीत काढली. तिथं मेलेले भाऊ सही करायला येत. बहीण म्हणून भलतीच बाई हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून जाई. कागद खरा असायचा, माणूस तोतया. त्यामुळे तोंडं न बघता कान, तीळ, नखं बघायची मला सवय लागली. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, शेटेंच्या टेबलावरून खोटा माणूस कधी पुढं गेला नाही. ते वाक्य मी फार जपलं होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात 'सुहृद सेवा क्लब' होता. डॉक्टर, वकील, दुकानदार, दोन-चार प्राध्यापक अशी मंडळी. नावाआधी 'सुहृद' लावायची पद्धत. मला त्यांनी एप्रिलमध्ये सचिव केलं, कारण आधीच्या सचिवाची बदली झाली आणि माझं अक्षर चांगलं होतं. गुडघ्यामुळे मी तोवर कार्यक्रमांना फारसा गेलो नव्हतो. सचिव झाल्या झाल्या मी एकच सुधारणा केली. एका सभासदाला म्हाताऱ्यावर "ए, सरक पुढं" असं खेकसताना ऐकलं होतं, म्हणून सभागृहात पाटी रंगवून घेतली : 'लाभार्थी हे आपले पाहुणे आहेत. त्यांना अहो-जाहो करावे.'

पाटी बघून सुलभा म्हणाली होती, "मला तीस वर्षं अगं-तुगं करताय, तेव्हा कुठं असतो हा नियम?"

"तू घरची आहेस," मी म्हणालो होतो.

आता प्रश्न सहीचा होता. त्या वर्षी विभागात पहिल्या येणाऱ्या क्लबला डोळे तपासणीची फिरती गाडी मिळणार होती. आमच्या तालुक्यात अशा वाड्या होत्या की मोतीबिंदू पिकून माणसं आंधळी व्हायची, पण तपासायला गावात येत नसत. गाडी आम्हाला मिळायची दाट शक्यता होती. फक्त दहा जूनपर्यंत फाइल जायला हवी होती आणि शेवटच्या पानावर सचिवानं लिहून द्यायचं होतं की वरील सर्व उपक्रम प्रत्यक्ष पार पडले असून छायाचित्रांतील लाभार्थी खरे आहेत. खाली माझं नाव, माझी सही.

मी लाभार्थ्यांची नोंदवही काढली. चारही कार्यक्रमांत नाव एकच, गजराबाई शंकर माने. अंगठाही एकच. पत्ता मात्र कुठं तळ, कुठं धर्मशाळा, कुठं नुसतीच रेघ. आणि एक गोष्ट मला त्या कानापेक्षाही खटकली. सगळ्या फोटोंत गरीब माणसं हातातल्या वस्तूकडे बघत होती, फार तर देणाऱ्या पाहुण्याकडे. ही बाई एकटी सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेलो. डॉ. बाहुबली शिरगुप्पे, लहान मुलांचे डॉक्टर, मोठा हसरा माणूस. हसऱ्या माणसांबद्दल माझं मत कचेरीतच बिघडलं होतं.

"शेटेसाहेब, गरीब बाई चार रांगांत उभी राहिली, यात गुन्हा काय?"

"फळवाटपाच्या फोटोत ती दवाखान्याच्या कॉटवर बसलीय. मी रजिस्टर पाहून आलो. या नावाची बाई त्या महिन्यात तिथं भरतीच नव्हती."

डॉक्टरांचं हसू जरा आखडलं. "मग? मी आणून बसवली म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. विचारतोय."

"तुम्ही विचारता तेव्हा म्हटल्यासारखंच वाटतं. हे बघा, सही तुमची आहे. पटलं तर करा, नाहीतर फाइल तशीच ठेवा. वाड्यांवरच्या लोकांना मी सांगतो, आमच्या सचिवांना एक कान पटला नाही."

माणूस चिडला नाही, गयावया केली नाही. याचा अर्थ निर्दोष असाही होतो आणि सराईत असाही. मी दुसरा अर्थ घेतला.

तिथून मी 'चित्रदीप' स्टुडिओत गेलो. क्लबचे सगळे फोटो जयवंत सुतार काढायचा. चाळिशीचा, अबोल, मान खाली घालून काम करणारा माणूस. त्याच्याबद्दलही माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. फेब्रुवारीत त्याच्याकडे मोठ्या लग्नाचं काम असताना त्यानं लग्नाला मदतनीस पाठवला होता आणि आमच्या केळीवाटपाला स्वतः आला होता. हाताशी लग्न असताना कुठला फोटोवाला केळीवाटपाला येतो?

मी पाणपोईचा फोटो काउंटरवर ठेवला. "जयवंतराव, या बाईंना ओळखता?"

त्यानं फोटो उचलला, पाहिला आणि पालथा ठेवला.

"नाही."

"चार कार्यक्रमांत आहे."

"रांगेत येईल त्याचा फोटो काढतो मी."

"तुम्हाला कधी खटकलं नाही? पुन्हा पुन्हा तोच चेहरा?"

"साहेब, मी भिंगातून बघतो. उजेड बघतो. चेहरा कुठं लक्षात राहतो?"

फोटो अजून पालथाच होता. दस्तावर खोटी सही करणारी माणसंही सही झाली की कागद पालथा घालतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. माझी खात्री झाली. अध्यक्ष बाई पुरवतात, हा तिला फोटोत बसवतो, आणि मला उरते ती सही. आता फक्त रंगेहाथ पकडायचं होतं.

वर्षाचा शेवटचा कार्यक्रम मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होता. मार्केट यार्डाच्या शेडमध्ये निराधार वृद्धांना छत्र्या वाटायच्या होत्या. मी सकाळी आठलाच जाऊन गूळ तोलायच्या काट्यापाशी खुर्ची टाकून बसलो. सुलभाही आली होती, ती नावं लिहायला बसली. नऊपर्यंत साठ-सत्तर माणसं जमली.

साडेनऊच्या सुमाराला ती आली.

फोटोत होती त्यापेक्षा बारीक. जुनं पण स्वच्छ धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पदराबाहेर तो कान. रांगेत शेवटी उभी राहिली. वाटप सुरू झालं, रांग सरकली आणि तिची पाळी चार माणसांवर आली, तेव्हा ती बाजूला झाली. मागच्या म्हातारीला म्हणाली, "तू हो म्होरं." पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिची नजर शेडच्या दारावर होती. जयवंत अजून यायचा होता.

मी सुलभाजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बघितलंस? छत्री नको आहे तिला. फोटोवाल्याची वाट बघतेय."

सुलभानं लिहिता लिहिता मान वर केली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाट बघतेय हे खरं. पण कामावर आलेलं माणूस असं वाट बघत नाही हो."

"मग कसं बघतं?"

"ते मला सांगता येत नाही."

सांगता येत नाही त्याची नोंद करता येत नाही, असं म्हणून मी परत खुर्चीत बसलो.

दहाला जयवंत आला. खांद्याची पिशवी उतरवली, फ्लॅश लावला, आणि ती या वेळी रांगेतून हलली नाही. तो एकेकाचे फोटो काढू लागला. "मावशी, इकडं बघा." "आजोबा, छत्री जरा वर धरा." "हं, आजी, हसा की." आवाज कामाचा, पण गोड. मग ती पुढं आली. डॉक्टरांनी तिच्या हातात छत्री दिली. जयवंतनं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि अगदी कोरड्या, खालच्या आवाजात म्हणाला,

"वर बघ."

तिनं वर पाहिलं.

"पदर नीट घे."

तिनं पदर नीट घेतला.

मी ताडकन उठलो. गुडघा कळवळला तरी थांबलो नाही. सगळ्यांना बघा, धरा, हसा, आणि हिला बघ, घे! परक्या म्हाताऱ्या बाईला कुणी असं बोलतं का? हाताखालच्या, ठरवून आणलेल्या माणसालाच असं बोलतात. माझ्या हिशेबानं चोर स्वतःच्या तोंडानं सापडला होता.

"जयवंतराव!" साठ माणसांसमोर मी आवाज चढवला. "काय बोललात यांना?"

त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"बाकीच्यांना अहो-जाहो, आणि यांना अगं-तुगं? ही तुमची कोण लागते?"

डॉक्टर म्हणाले, "अहो शेटेसाहेब, असू द्या." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मी विचारलं, कोण लागते ही तुमची?"

जयवंत माझ्याकडे बघत होता. तिच्याकडे नाही. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती. दोन्ही हातांनी छत्री छातीशी धरून.

"कुणी नाही," तो म्हणाला.

"मग क्लबचा नियम पाळा. पाहुण्यांशी बोलतात तसं बोला. पुन्हा म्हणा."

"राहू द्या साहेब."

"पुन्हा म्हणा."

त्यानं कॅमेरा उचलला. भिंगाच्या मागं त्याचा चेहरा दिसेना. मग तो म्हणाला,

"बाई, वर बघा."

फ्लॅश उडाला. पण तिनं वर पाहिलंच नाही. तो फोटो पुढं माझ्याकडे आला, त्यात नुसता पदर दिसतो. तिनं शेजारच्या म्हातारीच्या हातात छत्री दिली आणि शेडबाहेर चालू लागली.

मला वाटलं, बिंग फुटलं म्हणून पळतेय. मी मागं गेलो. माझा गुडघा असा आणि तिचं वय तसं, त्यामुळे पाठलाग फार वेगात झाला नाही. स्टँडसमोरच्या आमच्याच पाणपोईपाशी ती कट्ट्यावर टेकली. मी धापा टाकत समोर उभा राहिलो.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला कोण पाठवतं?"

"कोन धाडंल? माझी मीच येते."

"डॉक्टर, की तो फोटोवाला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"वस्तू तुम्हाला नको असते. मग रांगेत कशाला येता? दवाखान्यात कॉटवर कशाला बसलात?"

"कॉटवरल्यास्नीच फळं देत हुते. एकीला म्हनलं, जरा सरक गं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "साहेब, तुमची आई हाय?"

"नाही. वारली."

"तिला काय म्हनत हुता? आई ये, का आई या?"

"ये," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच मला शेडमधलं ते 'वर बघ' आठवलं.

"मंग," ती म्हणाली.

स्टँडवरून एक गाडी सुटली. तिचा आवाज जाईपर्यंत ती थांबली.

"सात वर्साचा हुता. त्याला टाकून गेले मी. का गेले त्ये आता सांगून काय करू, गेले ह्ये खरं. इचलकरंजीला दुसरं घर केलं. त्यो मानूस बी गेला, तवा आले माघारी. दुकानात गेले ह्येच्या. गिऱ्हाईक हुतं, वळख दिली न्हाई. म्होरल्या खेपंला आत निघून गेला. मंग म्या बी न्हाई गेले. कोनत्या तोंडानं जाऊ? थंडीत तळावर भाचीकडं गेले हुते, तितं तुमची रांग लागलेली. हुबी ऱ्हायले. म्होरं बघते तर ह्यो. वाटलं, फोटो न काढताच जाईल. पर कॅमेरा डोळ्याला लावला आन् म्हनला, वर बघ."

"एवढंच?"

"एवढंच की. पर परक्या बाईला बघ म्हनतं का कोन? आई न्हाई म्हनला, पर म्हनल्यागतच झालं न्हवं? मंग तुमची रांग जितं असंल तितं गेले. त्येला बी ठावं हुतं. एकांदं बोलनं जादा करायचा. जरा वळ. पदर घे. दवाखान्यात म्हनला, वाळलीस."

मी तिच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. उभं राहायची माझी लायकी नव्हती.

"आजी, तो आज माझ्यामुळं तसं म्हणाला. मी त्याला म्हणायला लावलं."

"तुमी लावलंसा, खरं हाय. पर कोन लागते म्हनून इचारलंसा, तवा कुनी न्हाई म्हनला. त्ये काय तुमी लावलं न्हाई." ती उठली. "त्येचं बी काय चुकलं? म्या बी त्येला कुनी न्हाई म्हनूनच टाकलावता न्हवं?"

"पुढच्या कार्यक्रमाला या. मी त्याच्याशी बोलतो."

"बघा म्हनला त्यो," ती म्हणाली. जणू मी ऐकलंच नव्हतं. आणि धर्मशाळेकडं गेली.

त्या संध्याकाळी मी फाइलवर सही केली. सुलभाला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि ती आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत गेलो तर झाडणारा म्हणाला, म्हातारी पहाटेच्या इचलकरंजीच्या गाडीनं गेली, बोचकं घेऊन. पत्ता? त्यांचा कुठं पत्ता असतो साहेब, तो म्हणाला.

जयवंतकडे जायचं मी रोज ठरवत होतो. स्टुडिओसमोरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बाजारात काम असल्यासारखा पुढं निघून गेलो. बत्तीस वर्षं समोरच्याला प्रश्न विचारले होते. स्वतःहून काही सांगायची मला सवयच नव्हती. जुलैत निकाल लागला. गाडी आम्हाला मिळाली. डॉक्टरांनी सभेत माझ्या चोखपणाचं कौतुक केलं, त्या कानावरून माझी थट्टाही केली. सगळे हसले.

ऑगस्टमध्ये त्याच शेडमध्ये वृद्धांना काठ्या वाटल्या. जयवंत या वेळी सगळ्यांच्या आधी आला होता. "मावशी, इकडं बघा. आजोबा, काठी पुढं घ्या." प्रत्येक फोटोनंतर तो रांगेच्या शेपटाकडं बघायचा. मी काट्यापाशी बसून ते बघत होतो. या वेळी मला कुणाचाच संशय नव्हता. सगळं ठाऊक होतं.

रांग संपली. लोक काठ्या टेकत बाहेर पडले. जयवंत कॅमेरा गळ्यातच ठेवून माझ्याकडं आला.

"साहेब, ती आली..." तो म्हणाला आणि थबकला. माझ्याकडं पाहिलं. मग वाक्य दुरुस्त केलं. "त्या आल्या नाहीत का आज?"

मी उठून उभा राहिलो.

"ती म्हणा, जयवंतराव. माझं चुकलं. मला माहीत नव्हतं हो. ती म्हणा."

त्यानं खिशातून भिंगाचं झाकण काढलं, ते हातातल्या हातात फिरवलं.

"तुमच्यापुढं म्हणून काय उपयोग, साहेब?"

मी त्याला सांगितलं, ती इचलकरंजीला गेली, पत्ता नाही, मी शोधीन. तो मान हलवत ऐकत होता. तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत शेडच्या दारात आली. उशीर झाला होता, काठी शिल्लक आहे का म्हणून विचारत होती. जयवंतनं चटकन वळून पाहिलं.

ती दुसरीच होती. सुलभानं तिला काठी दिली. जयवंतनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि नियमाप्रमाणं म्हणाला,

"मावशी, वर बघा."